दर्याकडची बाजू

आमच्या माहेरच्या गावासमोर खाडीपलीकडे जो डोंगर आहे, त्याला सगळे बेटच म्हणतात. खरं तर ते अर्धवेळ बेट. ओहोटीला चिखलातून, तिवरांची मुळं चुकवत चालत जाता येतं. भरती आली की चारी बाजूंनी पाणी. होडी घालून पाच मिनिटांत पोचता येईल, पण या कामाला पायीच जायचं अशी रीत आहे. त्यामुळे सकाळच्या ओहोटीला जायचं, संध्याकाळच्या ओहोटीला परतायचं, मधला अख्खा दिवस डोंगरावर. कितीही कंटाळा आला तरी सुटका नाही.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी गेलो. मी, माझी भावजय आणि तांडेलीण, म्हणजे भावाची बोट चालवणाऱ्या तांडेलाची बायको. उजाडायला लागलं होतं, चपला हातात होत्या, साड्या गुडघ्यापर्यंत खोचलेल्या. मी मात्र पंजाबी ड्रेसमध्ये आणि हातात लेकीचे स्पोर्ट्स शूज. गावातल्या बायका धक्क्यावर उभ्या राहून हसल्या असतील. हसू देत. माझी पन्नाशी उलटली आहे, गुडघे माझे आहेत.

काम असं की डोंगराच्या माथ्यावर देवीची एक घुमटी आहे. माणसाच्या उंचीची, चौकोनी. पूर्वी समुद्रातून परतताना तांडेल लोक या घुमटीचा पांढरा ठिपका बघून गाव ओळखायचे. म्हणून दर वर्षी पाऊस सरला की तिला चुना लावायचा. घराघराची पाळी असते, आणि काम बायकांचं, कारण पुरुष तेव्हा बोटीवर असतात. आता प्रत्येक बोटीवर जीपीएस आहे, ठिपका कोणी बघत नाही. पण पाळी कोणी चुकवत नाही. या वर्षी आमच्या घराची होती.

त्यात एक नियम आहे, तो सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. ज्या घरचा माणूस दर्यावर आहे, त्या घरच्या बाईनं दर्याकडची बाजू रंगवायची. ज्या घरचं दर्यावर कोणी नाही, बोट विकली किंवा माणूस गेला, त्या घरच्या बाईनं मागची, जमिनीकडची बाजू रंगवायची, आणि दर्याकडच्या बाजूसाठी दुसऱ्या घरची बाई सोबत न्यायची. यात कुणाला कमीपणा नाही. पाळी आली की कोण कुठल्या बाजूला उभी राहिली ते संध्याकाळपर्यंत गावभर होतं, एवढंच.

माझा भाऊ गेल्या कार्तिकात जाळं ओढताना बोटीवरून पडला. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. सकाळची वेळ, समुद्र शांत, पट्टीचा पोहणारा माणूस. पडला तो पुन्हा वर आला नाही. चार बोटींनी शोधलं, सरकारी बोटही दोन दिवस फिरली. काही सापडलं नाही. बोट घेऊन तांडेल परत आला आणि आमच्या दारात येऊन उभा राहिला.

मला फोन आला तेव्हा मी अलिबागला कचेरीत दाखल्यांवर शिक्के मारत होते. मी ‘बरं’ म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेल्या सतरा दाखल्यांवर शिक्के मारले. मग उठले. ही मी बढाई सांगत नाही. मला काहीच वाटलं नाही, आणि मग वाटेनासंच झालं. नागावला आमच्या घरी मी नेहमीसारखी भाजी चिरायचे, बसने जायचे, यायचे. दाढेत इंजेक्शन दिल्यावर गाल असतो ना, आपलाच पण परका, तसं सगळं. डॉक्टरला दाखव, असं नवरा दोनदा म्हणाला. काय दाखवू? दुखत तर काहीच नव्हतं.

दुखत होतं ते आईला. देह मिळाला नाही तर पुतळा करतात, दर्भाचा, आणि त्याला अग्नी देऊन पुढचे दिवस घालतात. वर्ष व्हायच्या आत ते व्हावं, आपल्या डोळ्यांदेखत व्हावं, एवढंच तिचं म्हणणं. "माझा पोरगा पान्यात अडकलाय, त्याला मोकळा करा," हे ती उठताबसता म्हणायची. पण भावजय तयार नव्हती. माझ्या काकांनी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा तिनं मान हलवली. "न्हाय," एवढंच. रडणं नाही, भांडण नाही. कपाळावर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, आणि न्हाय. तिच्या सहीशिक्क्याशिवाय, म्हणजे तिच्या होकाराशिवाय, पुतळा करायचा नाही हे काकांनाही कळत होतं.

आणि आता चुन्याची पाळी आली. आईचा जीव टांगणीला लागला. सून वर जाऊन दर्याकडची बाजू रंगवणार, म्हणजे माझा माणूस दर्यावर आहे असं साऱ्या गावाला सांगणार, आणि एकदा ते झालं की पुतळ्याचं नाव काढायची सोय नाही. म्हणून मला धाडलं. "तू कचेरीत चार मान्सांत बोलतेस. वाटंत तिला समजाव. तिनं कुंचला हातात घ्यायच्या आधी हो म्हनून घे," आई म्हणाली. मी म्हटलं, घेते. किराणा आण म्हटल्यावर म्हणावं तसं म्हटलं.

तांडेलीण कशाला सोबत, हे मात्र मला झेपलं नव्हतं. तिचा नवरा परत आला, माझा भाऊ नाही. यात तिची काय चूक ते मला सांगता येणार नाही, पण ती समोर आली की माझं टाळकं सरकायचं. त्यात ती रडकी. वर्षभर आमच्या अंगणात येऊन रडायची, जाताना डबा ठेवून जायची. "हिला का घेतलीस?" मी चिखलातच भावजयीला विचारलं.

"असू दे, वन्सं. लागली तर लागंल," ती म्हणाली आणि पुढे झाली.

चढ चार तासांचा आहे. उंची फार नाही, पण डोंगर लांब, आणि दोनदा वाटतं की आला माथा, आणि दोनदा पुढे आणखी एक माथा निघतो. रान दाट. पावसानं वाट मोडून टाकलेली, करवंदीच्या जाळ्या दोन्हीकडून आत घुसलेल्या, आणि दर दहा पावलांवर तोंडाला कोळ्याचं जाळं. भावजय पुढे कोयता घेऊन, डोक्यावर चुन्याच्या फक्कीची पिशवी आणि त्यावर रिकामा डबा. मधे मी. माझ्याकडे कुंचले, मिठाची पुडी आणि जेवण. चुन्यात मीठ घातलं की तो चांगला धरतो. मागे तांडेलीण, दोन पाण्याचे कॅन घेऊन, इंजिनासारखी धापा टाकत.

"आग बाय माझे, हळू चाला की! मी काय शेळी हाय का?"

"शेळी असतीस तर बरं झालं असतं. वाटेतला पाला तरी खाल्ला असतास," मी म्हटलं.

ती हसली. मला तिचं हसूही नको होतं.

बोलायचं होतं ते मी रात्री मनात लिहून काढलं होतं. कचेरीतल्या अर्जासारखं, मुद्देसूद. आईचं वय झालंय. तुझी पोरगी बारावीला आहे, तिनं किती दिवस असं लटकत राहायचं. तू मोकळी हो म्हणत नाही गं, त्याला मोकळं कर. हे शेवटचं वाक्य मला फार चांगलं जमलं होतं. पहिल्या टप्प्यावर, ऐनाच्या झाडांखाली बसलो, तेव्हा मी घसा साफ केला आणि म्हटलं, "या मुंग्यांची घरटी बघ. पानं कशी शिवलीत." भावजयीनं वर पाहिलं, "व्हय," म्हणाली. झालं. उठलो.

पुढच्या चढावर मी पुन्हा सुरुवात केली. "हे बघ, आई म्हणत होती..." आणि तेवढ्यात माझा पाय घसरला, मी करवंदीत बसले. दोघींनी ओढून काढलं. काटे उपसता उपसता तांडेलीण म्हणाली, "काय म्हनत व्हत्या आई?" भावजय नव्हती विचारत, हीच विचारत होती. "गोळ्या संपल्यात म्हणत होती," मी म्हटलं. शी! इतका राग आला मला माझाच. चार वाक्यं बोलायची, तर तोंडाला कुलूप. आणि राग तरी कुठला, रागाची नुसती आठवण म्हणा. तोही आत पोचला नाही.

साडेनऊच्या सुमारास झऱ्यावर आलो. इथं सगळे थांबतात, कॅन भरून घेतात. दगडातून मनगटाएवढी धार, खाली डबकं. वानरांची एक टोळी वर फांद्यांवर बसून आमच्या पिशव्यांवर नजर ठेवून होती. तांडेलिणीनं उकडलेली अंडी आणि केळी काढली. मग ती पाणी भरायला वाकली आणि भावजय माझ्याजवळ सरकून बसली. मी केळं सोलत होते. आता बोलायचंच, असं मनाशी ठरवत होते.

तीच बोलली. "वन्सं, येक विचारू?"

"विचार की."

"तुमच्या कचेरीत समद्या बातम्या येतात. कुठकुठल्या बंदरातनं, पार तिकडं हद्दीपलीकडं पकडलेल्या खलाश्यांच्या बी याद्या येतात म्हनं. तुमच्या कानावर कायतरी आलं असंल ना?"

माझं तोंड केळ्यानं भरलेलं. "कसल्या याद्या?" मी म्हटलं. "आमच्याकडं उत्पन्नाचे नि जातीचे दाखले असतात. काही नाही आलं कानावर. काय यायचंय?"

"कायच न्हाय?"

"नाही गं. तुला कुणी सांगितलं हे?"

तिनं अंड्याची टरफलं गोळा केली. मग "बरं," म्हणाली, हात धुतले, पदरानं तोंड पुसलं. मी साल वानरांकडं भिरकावली. विषय निघता निघता राहिला, पुन्हा संधी गेली, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. ती मघापेक्षा हळू चालायला लागली हे मी पाहिलं. दमली असेल असं वाटलं.

शेवटचा तास मी नुसती पावलं मोजत चढले. शंभर झाली की पुन्हा एकपासून. माथ्याजवळ झाडं खुजी होतात आणि मग एकदम संपतात. कमरेएवढं गवत, पिवळी फुलं, आणि वारा. पश्चिमेला सगळा समुद्र. खाली दक्षिणेला काशीदचा किनारा, त्यावर गाड्यांच्या काचा चमकत होत्या, सुट्टीची माणसं आली असणार. पाण्यात बोटी ठिकठिकाणी. मी त्या पाण्याकडे पाहिलं. इथंच कुठंतरी, असं मनात म्हणून पाहिलं. काही झालं नाही. पाणी होतं, ऊन होतं.

घुमटी पावसानं काळी पडली होती, शेवाळ आलं होतं. आम्ही झाडणीनं आणि दगडांनी ते घासून काढलं. आत देवीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग भावजयीनं डब्यात फक्की ओतली, पाणी घातलं, मीठ घातलं आणि काठीनं ढवळायला बसली. मी तिच्या हाताकडे बघत होते. आता शेवटचं. आता नाही बोलले तर आईला काय तोंड दाखवू? आणि तरी माझी जीभ हलेना. मला वाटतं मला ती हलवायचीच नव्हती. रंगव बाई, असं कुठंतरी आत चाललं होतं, रंगव दर्याकडची बाजू, मग मी घरी जाऊन सांगेन की नाही ऐकलं तिनं.

भावजय उठली. एक कुंचला चुन्यात बुडवला, काठावर निथळला आणि तांडेलिणीपुढे धरला. "घे. तू दर्याकडची बाजू घे."

तांडेलीण दोन पावलं मागं सरली. "नको गो. माज्याच्यानं न्हाय व्हायचं."

"तुजा मानूस दर्यावर हाय. तुजं घर दर्यावरचं हाय. घे."

आणि मी मधे पडले. मी, जी याच्यासाठीच चार तास चढून आले होते. मी तो कुंचला ओढून घेतला, चुना माझ्या ड्रेसवर, शूजवर सांडला. "ती कशाला? पाळी आपल्या घरची आहे. तू रंगव," मी म्हटलं. आवाज माझा नव्हताच, आईसारखा येत होता. "तू रंगव दर्याकडची बाजू. तुला नसेल रंगवायची तर मी रंगवते."

"तुमचं घर नागावला, वन्सं. नारळीच्या वाडीतलं. तुमचं कोन हाय दर्यावर?"

"माझा भाऊ आहे."

तिनं माझ्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं असं मला वाटलं, पण ते खोटं होतं, हे पुढच्याच क्षणी कळलं.

"वरीस होत आलं, मी तुमच्या तोंडाकडं बघतेय," ती म्हणाली. "आई रडल्या. काका रडले. ही तर अजून रडते. तुमी न्हाय रडला. येक टिपूस न्हाय. मला वाटलं, वन्संना कायतरी ठावं हाय. कचेरीतली बाई, पक्कं झाल्याबिगर सांगायची न्हाय. ते कुठंतरी हायेत, कुनाच्या तरी हद्दीत, आनि वन्सं कागदाची वाट बघतायत. म्हून मी बी रडले न्हाय. काकांना न्हाय म्हनले ते तुमच्या जिवावर म्हनले."

वारा फार होता, तांडेलिणीचा पदर उडून तोंडावर येत होता आणि ती तो सावरत नव्हती.

"मला काही माहीत नव्हतं गं," मी म्हटलं. "मला नुसतं... रडू येत नव्हतं."

"आता कळलं ना मला. मगाशी, झऱ्यावर." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "द्या तो."

मी सोडेना. म्हणजे सोडत नव्हते असं नाही, बोटं उघडेनात. तिनं एकेक बोट धरून बाजूला केलं, लहान मुलाच्या मुठीतून कात्री काढावी तसं, आणि कुंचला तांडेलिणीच्या हातात दिला. तांडेलीण घुमटीला वळसा घालून गेली. दिसत नव्हती, पण चुन्याचे फटके आणि तिचं मोठमोठ्यानं रडणं ऐकू येत होतं. वर्षभर त्या रडण्याचा मी राग राग केला. त्या दिवशी आम्हां दोघींच्या वाटचं तीच रडत होती.

भावजयीनं दुसरा कुंचला घेतला, माझ्या हातात डबा दिला, आणि आम्ही जमिनीकडची बाजू रंगवली. तिकडून खाडी दिसते, नारळीच्या वाड्या दिसतात, रेवदंड्याकडं जाणारी लाल एसटी दिसते. चुना हातावर चरचरत होता. तिनं वरचा भाग केला, मी खालचा. कुठं पातळ लागला होता तिथं तिनं पुन्हा हात फिरवला. उरलेल्या दोन बाजू तिघींनी मिळून केल्या आणि जेवलो. भाकरी, सुकटीची चटणी. ती जेवली. मी तिला जेवताना बघत होते.

खाली आलो तेव्हा पाच वाजले होते आणि वाटेवर अजून कमरेएवढं पाणी होतं. तिवरांच्या कडेला दगडांवर बसून राहिलो. तांडेलीण दमून कॅन उशाला घेऊन आडवी झाली, लगेच घोरायला लागली.

"वन्सं," भावजय म्हणाली, "सोमवारी करू या का पुतळा? का तुमाला अजून थोडं थांबायचंय?"

तिच्याकडून हो घ्यायला मला पाठवलं होतं. आणि ती मला विचारत होती. खरंच विचारत होती. मी थांब म्हटलं असतं तर ती थांबली असती, आणखी एक वर्ष, आईला कितीही यातना झाल्या तरी. ते सगळं माझ्या एका शब्दावर होतं आणि माझ्या आत अजूनही तेच, इंजेक्शनचा गाल.

"सोमवारी करू," मी म्हटलं.

तेव्हा ती रडली. माझ्या मांडीवर डोकं ठेवून, आवाज न करता आधी, आणि मग गुरासारखी हंबरडा फोडून. तांडेलीण दचकून उठली आणि न विचारता तिच्या पायाशी येऊन बसली. मी भावजयीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. माझे डोळे कोरडे होते. ते तिला दिसू नयेत म्हणून मी तिचं डोकं मांडीवर दाबून धरलं.